कागद दाखवा!

रोबोटच्या हवेच्या नळ्या जोडायचं फिटिंग नुसतं चांगलं असून भागत नाही, ते चांगलं आहे याचा कागद लागतो! एफआरसी, म्हणजे शाळकरी पोरांची रोबोट स्पर्धा, तिचा नियम सरळ आहे: हवेच्या टाकीच्या बाजूचा प्रत्येक पार्ट कंपनीच्या रेटिंगनुसार किमान 125 पीएसआय दाबाचा पाहिजे, दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरच्या पुढे 70 चालतात. नियमावर राग नाहीच. दाबाखालची हवा आणि शाळकरी पोरं, नियम पाहिजेच. पण मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, डेटाशीट, म्हणजे हे रेटिंग छापलेला कंपनीचा कागद, मागून पाहा! दुकानदार असा बघतो, जणू आपण स्क्रूच्या जन्माचा दाखला मागतोय. "घेऊन जा हो, अख्ख्या भिवंडीत हेच चालतं." अहो, भिवंडीत स्पर्धेतल्यासारखा कुणी इन्स्पेक्टर रोबोटखाली टॉर्च मारत नाही ना! मग डोळे बारीक करून फिटिंगवर कोरलेलं वाचायचं: '8 बार'. म्हणजे 116 पीएसआय. बसा बोंबलत. 10 बारवालं हवं, 145. तेही मिळतं म्हणतात, पण त्यावर आकडाच नसतो, नुसता बाण. कंपनीला मेल केला की डेटाशीटऐवजी कोटेशन येतं, तेही होलसेलचं. आणि हे दर सीझनला. जुनी पीडीएफ जपून ठेवावी, तर यंदा मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर बदललेलं!