जुना गायक परत आला की नाक कसं मुरडावं

तुमचा लाडका बँड, ज्याचं नाव नववीत असताना बाकावर कर्कटकाने कोरलं आणि त्यापायी बाईंनी आईला शाळेत बोलावलं, तो बँड पंचवीस-तीस वर्षांनी जुन्या गायकाला परत घेऊन नवा अल्बम काढतो. अशा वेळी माणूस गाफील सापडतो. चुकून आनंद-बिनंद व्हायचा, पाय ठेका-बिका धरायचा. तसं होऊ नये म्हणून थोडं मार्गदर्शन करतोय. मी स्वतः यातला जाणकार नाही, पण गेल्या रविवारी घोडबंदर रोडवर एका मित्राकडे चार जाणकारांच्या मधे बसायचा योग आला, आणि ज्ञान वाटल्याने वाढतं म्हणतात.

उदाहरणाला व्हॅन हेलन हा अमेरिकन रॉक बँड घेतो, कारण रविवारी तेच होतं. तुम्ही तिथे आयर्न मेडन घाला, जुडास प्रीस्ट घाला, डीप पर्पल घाला, काही फरक पडत नाही, मुरडायचं नाक आपलंच असतं. मूळ गायक डेव्हिड ली रॉथ 1985 ला बाहेर पडला, मग सॅमी हेगर आला, गेला, गॅरी चेरोन आला, गेला, हेगर टूरपुरता परत आला, परत गेला, 2007 ला रॉथबरोबर टूर झाली आणि 2012 च्या फेब्रुवारीत 'अ डिफरंट काइंड ऑफ ट्रुथ' आला. रॉथच्या आवाजात आख्खा नवा अल्बम, '1984' या अल्बमनंतर थेट. 28 वर्षं. एवढ्यात आपल्याकडे माणूस नोकरी करून, पीएफ काढून, गावाला घर बांधून मोकळा होतो.

हो, 2012 म्हणजे काही कालचं नाही, माहितीये मला. पण आमच्या ग्रुपात त्याचा निकाल तेव्हा लागला तो लागला, वर अपील नाही.

तर पहिलं म्हणजे, अल्बम ऐकायच्या आधी मत तयार ठेवा. ऐकून मत बनवायला गेलात तर वेळ जातो आणि कधीकधी मत चांगलं होतं, मग पंचाईत.

'पैशासाठी परत आलेत' हे वाक्य पाठ पाहिजे. तुम्ही रोज सकाळी ऐरोलीच्या ऑफिसात समाजसेवेला जाता, त्यामुळे हे बोलायचा अधिकार तुमचाच.

मग गाण्यांकडे वळा. गाणी नवीन असतील तर 'हे व्हॅन हेलनसारखं वाटतच नाही' म्हणा. जुनी असतील तर 'शिळ्या कढीला ऊत' म्हणा. या अल्बमात तुमची चांगलीच सोय आहे, कारण बरीच गाणी सत्तरच्या दशकातल्या डेमोंवरून, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगवरून उभी केलीत. 'शी'ज द वुमन' 1976 च्या डेमोतलं, 'बिग रिव्हर', 'बीट्स वर्किन' तशीच, खुद्द पहिलं गाणं 'टॅटू'सुद्धा एका जुन्या गाण्यावरून केलेलं. म्हणजे तुम्ही तीस वर्षं बोंबलताय की आम्हाला जुना व्हॅन हेलन पाहिजे, त्यांनी अक्षरशः जुना, पहिल्या अल्बमच्याही आधीचा व्हॅन हेलन काढून तुमच्या पुढ्यात ठेवला, तर तुम्ही म्हणता शिळं आहे. रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा करून, वर लिंबू पिळून, ताट चाटून पुसून खाणारी माणसं आपण. पण बँडने केलं की शिळं. असो. चिडायचं नाही असं ठरवून बसलोय.

आवाजाबद्दल. 'आवाज गेला त्याचा.' हे म्हणताना मान हलवायची आणि वडी तोंडात असली तरी चालेल. रॉथचा जन्म 1954 चा, म्हणजे अल्बम आला तेव्हा 57 वर्षांचा बाप्या. त्याने चोविशीत मारायचा तशा किंकाळ्या माराव्यात ही आपली माफक अपेक्षा. ज्याने हे वाक्य रविवारी म्हटलं तो मित्र लिफ्ट बंद होती म्हणून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आला आणि पाच मिनिटं काही बोलू शकत नव्हता. बोलता आल्यावर पहिलं हेच बोलला.

मधल्या काळातला गायक हा एक महत्त्वाचा विषय आहे. तो असताना त्याला शिव्या घालायच्या, तो गेला की 'तो बरा होता' म्हणायचं. हेगर असताना चार स्टुडिओ अल्बम निघाले, चारही अमेरिकेत एक नंबरला गेले, तरी लोक त्याला व्हॅन हेगर म्हणून हिणवत राहिले. 2012 ला रॉथ आल्याबरोबर तेच लोक, 'हेगरला निदान गाता तरी येत होतं.' मेडनवाल्यांनी ब्लेझ बेलीचं हेच केलं. 1994 ते 1999 तो बिचारा ब्रूस डिकिन्सनच्या जागी उभा राहून शिव्या खात होता, आता त्याच्या 'साइन ऑफ द क्रॉस' गाण्याचं नाव काढलं की हीच मंडळी डोळे मिटून घेतात.

गॅरी चेरोनबद्दल काही बोलायची गरज नाही. कोणीच बोलत नाही.

आणि यातली गंमत सांगू? मी रविवारी गप्प बसून हिशोब केला. आम्ही सगळे एका वर्गातले, नववीला 1995 साली. लोकलने सीएसटीला, तेव्हा व्हीटी होतं, तिथून चालत काळा घोड्याला र्‍हिदम हाऊसला जाऊन कॅसेट आणायचो, घरी आल्यावर टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवायचो, ते सगळं खरं. पण 1995 ला बँडमधे कोण होतं? हेगर! रॉथला जाऊन दहा वर्षं झाली होती. ज्या गायकासाठी आम्ही गळे काढतो तो आम्ही पाळण्याबाहेर येऊन जेमतेम बालवाडीत गेलो तेव्हाच बँड सोडून गेला होता. आमचे जे 'ते दिवस' आहेत ना, त्या दिवसात तो नव्हताच. हे मी बोलून दाखवलं. शांतता पसरली, मग कोणीतरी चटणी मागितली.

बेस गिटारवर मुलगा का, हाही एक मुद्दा घ्या. वुल्फगँग, बँडचा गिटारवाला एडी व्हॅन हेलनचा मुलगा, 2007 च्या टूरला 16 वर्षांचा होता. घराणेशाही! मत देताना जी आपल्याला दिसत नाही ती बेसवर बरोब्बर दिसते. आधीचा बेसवाला मायकल अँथनीचा तो वरचा आवाज कोरसमधे नाही हे जाणवतं, ही तक्रार मला मान्य आहे. पण ती करायला कोरसपर्यंत पोचावं लागतं.

त्यावरून मुख्य सल्ला. ऐकायचं किती? चाळीस सेकंद. वर एक सेकंद नको.

हे मी हवेत सांगत नाहीये. माझ्या भाच्याने अमेरिकेतून येताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमधे जपून या अल्बमची एलपी आणली, दोन रेकॉर्डचा सेट आहे. माझ्याकडे प्लेअर नाही, मित्राकडे आहे. म्हणून मी रविवारी दुपारी नौपाड्यातून रिक्षा केली, रेकॉर्ड दोन पुठ्ठ्यांच्या मधे, वरून जुनी बेडशीट, मांडीवर आडवी धरून. कापूरबावडीला पंचवीस मिनिटं, मानपाड्याला वीस, ते का हे ठाणेकरांना सांगायला नको, आणि खड्डा आला की मी ती दोन्ही हातांनी वर उचलायचो, खड्डा गेला की परत मांडीवर. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला वाटलं देवाची तसबीर असावी, म्हणाला 'सावकाश घेतो काका'. पातलीपाड्याला पोचलो, तीन मजले चढलो, चहा झाला, वहिनींनी कोथिंबीर वडी दिली. मित्राने प्लेअरचं झाकण उघडलं, रेकॉर्ड ब्रशने पुसली, हे मात्र तो एखाद्या पुजाऱ्यासारखं मन लावून करतो, आणि सुई ठेवली. 'टॅटू' सुरू झालं. आता खरं सांगायचं तर अल्बममधलं सगळ्यात फिकं गाणं तेच आहे आणि नेमकं तेच पहिलं ठेवलंय, सिंगल म्हणूनही तेच काढलं होतं, ही चूक बँडचीच. पण पुढे बारा गाणी आहेत ना बाबा! मित्र म्हणाला, 'बघ, म्हटलं नव्हतं?' आणि त्याने सुई उचलली. लिव्हरने उचलावी ना? बोटाने. वडीच्या बोटाने. खर्रर्र.

बाकीचे हसले.

मग त्याने ते बोट पँटला पुसलं आणि 1978 चा पहिला अल्बम लावला, जो आम्ही तीस वर्षं ऐकतोय, ज्यात कुठल्या क्षणी काय येणार ते आम्हाला झोपेत पाठ आहे. 'इरप्शन' हा एडीचा गिटार सोलो लागल्यावर सगळ्यांनी हवेत बोटं नाचवली. 1 मिनिट 42 सेकंदांचं आहे ते, म्हणून पूर्ण ऐकलं असेल. आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी 'याला म्हणतात व्हॅन हेलन' म्हणत होतं, जसं काही मी रिक्षातून आशा-लताच्या ड्युएट घेऊन आलो होतो.

आता मीही धुतल्या तांदळासारखा नाही. 2012 ला मी हा अल्बम लोकलमधे उभ्याने ऐकला होता, एकाच कानात, कारण दुसरा इअरफोन बिघडलेला, आणि मुलुंड यायच्या आत 'आवाज गेला' म्हणून मोकळा झालो होतो. पुढे पाच वर्षं लावला नाही. एकदा घरात कोणी नव्हतं, लादी पुसत होतो, तेव्हा शफलवर 'स्टे फ्रॉस्टी' लागलं. सुरुवातीला नुसती अकूस्टिक गिटार आणि रॉथ आपला बडबडतोय, मग धाडकन सगळा बँड आत येतो, पहिल्या अल्बममधल्या 'आइसक्रीम मॅन'चा सख्खा भाऊ. मी बादलीशेजारी ओल्या लादीवर बसलो आणि आख्खा अल्बम ऐकला. तेवढीच माझी पात्रता. पण निदान आख्खा ऐकला.

या बँडची एक गोष्ट सगळ्यांना माहिती असते, ती तुम्हीही चारचौघात सांगा. कार्यक्रमाच्या करारात अट असायची की एम अँड एमच्या गोळ्या ठेवा पण त्यात तपकिरी गोळी एकही नको. सगळे सांगतात, बघा काय माज. ती अट कशासाठी होती ते रॉथने स्वतः सांगून ठेवलंय. त्यांचं स्टेजचं सामान अवजड, लाइटांचं वजन प्रचंड, त्याच्या सूचनांची पानंच्या पानं. तपकिरी गोळी दिसली की समजायचं, आयोजकाने करार वाचलेला नाही, आता सगळं परत तपासा नाहीतर कोणाच्या तरी डोक्यात पडेल. या अल्बममधे तशी एक गोळी टाकायला पाहिजे होती. नवव्या गाण्यात वगैरे. आमच्या ग्रुपात कोणालाच सापडली नसती. ज्यांना कोणाला सापडायची ते तेव्हा पहिला अल्बम ऐकत होते.

शेवटचा सल्ला असा की गिटारवाला गेला की स्टेटस ठेवा. 6 ऑक्टोबर 2020 ला एडी गेला, कॅन्सरशी झगडून, 65 व्या वर्षी. ज्याने रविवारी सुई उचलली तो दर 6 ऑक्टोबरला पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या त्या लाल गिटारचा फोटो ठेवतो, खाली मेणबत्ती, खाली 'लेजेंड्स नेव्हर डाय'. मी दरवर्षी हात जोडलेला इमोजी पाठवतो.

यंदा नाही पाठवणार. अरे, तोच स्टुडिओ अल्बम शेवटचा होता रे त्याचा! 2015 च्या ऑक्टोबरात 'हॉलीवूड बोल' इथे शेवटचा कार्यक्रम झाला, त्यानंतर काही नाही, दुसरा अल्बम नाही, काही नाही. जे तू बोटाने बंद केलंस त्याच्यापुढे एडी व्हॅन हेलनने बँडचा एकही नवा स्टुडिओ अल्बम केलेला नाही, आणि तुला मेणबत्ती लावायला वेळ आहे पण पन्नास मिनिटं बसायला नाही. आवाज गेला म्हणे. तुला कसला माहिती त्याचा आवाज? हा बँड भारतात एकदाही आला नाही. 1978 ला तू बँडच्या गावी, पासाडेनाला होतास? 1978 ला तू जन्मलाही नव्हतास, गाढवा. तू जे ऐकलंस ते कॅसेटवर, व्हीटीहून आणलेल्या, तुझ्या दादाच्या टू-इन-वनवर ज्याचा एक स्पीकर फाटलेला होता. तुला त्या टू-इन-वनची आठवण येते, शाळेतल्या तुझ्या केसांची येते, ठीक आहे, मलाही येते, माझेही गेलेत. पण ते केस डेव्हिड ली रॉथ कुठून आणून देणार?

घरी येऊन मी रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघितली. नखाएवढी रेघ आहे.

या रविवारी परत येतोय. 'टॅटू' सोडून देऊ, दुसऱ्या गाण्यापासून लावू, मला मान्य आहे. 'चायना टाउन'ला बापलेक दोघं गिटार-बेसवर जे धावत सुटतात तिथे कोणी चटणी मागायची नाही. फोन बाहेर चपलांच्या रॅकवर. बाकीच्या तिघांनाही सांग. सुईला हात लावलास तर वहिनींकडून वड्या डब्यात भरून घेईन आणि रेकॉर्डसकट खाली उतरेन, परत कधी यायचा नाही. आणि त्या रेघेचं काय करणार आहेस ते पण तेव्हाच सांग.