नळाचं क्लोरीन आणि ईप्रचं क्लोरीन

"दारूगोळाही रसायनच. क्लोरीन आपण रोज पितो, अश्रुधूर पोलीस सोडतात. 'रासायनिक अस्त्र' हा शब्द बड्या देशांनी लहानांना बदनाम करायला काढलाय." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. मी रसायनशास्त्र शिकवते आणि माझ्याच विद्यार्थ्यांनी तो मला पाठवला, म्हणून लिहिते.

दारूगोळ्याने माणूस मरतो तो स्फोटाच्या दाबाने, लोखंडाच्या तुकड्यांनी, आगीने. रासायनिक अस्त्र विषाने मारतं. १९९७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने हाच फरक धरला आहे.

क्लोरीनचं जरा सविस्तर सांगते. आपल्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठाले सिलिंडर, ठेवलेले असतात, त्यांना कुणी अस्त्र म्हणत नाही. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने हाच वायू पाच हजारांवर सिलिंडरांतून वाऱ्यावर सोडला. हिरवट-पिवळा ढग जमिनीलगत सरकत आला. क्लोरीन हवेपेक्षा जड. गोळ्या चुकवायला सैनिक ज्या खंदकांत बसले होते, तिथेच तो उतरून साचला. फुप्फुसांत पाणी भरून माणसं तडफडून मेली. वायू तोच, हेतू वेगळा. म्हणून करार रसायनांची नुसती यादी देऊन थांबत नाही, ते कशासाठी बाळगलं हे विचारतो. क्लोरीन त्या यादीत नाहीच, तरी सीरियात त्याचा अस्त्र म्हणून वापर झाल्याचं हेगच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेने नोंदवलं. उलट भोपाळला विषारी वायूने हजारो माणसं गेली, पण ती कारखान्यातली गळती होती. गुन्हा भयंकर, तरी अस्त्र नव्हे.

अश्रुधूर पोलिसांना जमाव पांगवायला चालतो, युद्धात वापरायला बंदी. करारात तसं स्पष्ट लिहिलंय.

आता बदनामीचं. २००३ मध्ये अशा अस्त्रांचं कारण सांगून अमेरिका इराकमध्ये घुसली आणि सांगितलेले साठे सापडले नाहीत. हा संताप मलाही आहे. पण करार बड्यांनाही लागू आहे: रशियाने २०१७ मध्ये, अमेरिकेने २०२३ मध्ये आपले जाहीर केलेले साठे नष्ट केले. भारतानेही हजारावर टन मस्टर्ड (कातडी, डोळे आणि फुप्फुसं जाळणारं विषारी रसायन) जाहीर करून २००९ पर्यंत संपवलं. आणि २८ जून १९८७ ला इराकी विमानांनी इराणमधल्या सरदश्त गावावर मस्टर्डचे बॉम्ब टाकले, तेव्हा 'रासायनिक अस्त्र' हा शब्द मोठ्याने उच्चारायला बडे देशच कचरत होते. त्या दिवशी वाचलेले लोक पुढे कित्येक वर्षं धाप आणि डोळ्यांची आग घेऊन जगले.