गाणी मी लावते

वर्गातल्या मुलींचा मेळावा ठरत होता. मुली म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या. एकीने हॉल धरला, एकीने फोन करायची यादी घेतली, आणि 'गाणी कोण लावणार?' यावर सगळ्या गप्प बसल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "गाणी मी लावते." शाळेतही 'फळा कोण पुसणार?' म्हटलं की माझाच हात आधी वर जायचा. काही खोडी वयाबरोबर जात नाहीत.

तसा माझा एक जुना रागही होता. समारंभात एक गाणं संपतं, पुढचं सुरू व्हायला चार-पाच सेकंद जातात, आणि नेमक्या तेवढ्या वेळात नाचणाऱ्या बायकांना आपल्या गुडघ्यांची आठवण होते. एक बसली की तिच्या शेजारची बसते. मग त्यांना उठवता उठवता पुढची तीन गाणी वाया. माझ्या राज्यात ही फट असणार नव्हती. पहिलं गाणं चालू असतानाच दुसरं त्याच्या तालात अलगद मिसळायचं, डीजे करतात तसं.

भाचा हौसेने डीजेगिरी करतो. त्याला फोन लावला. "मावशी, लॅपटॉप आहे ना तुझ्याकडे? मग झालं!"

त्या 'मग झालं'वर मी विश्वास ठेवला. चूक माझीच.

तीन एक्स घालून नाव लिहितात ते मिक्स नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. खरोखर फुकट आहे, आणि फुकटच्या मानाने फारच सज्जन आहे. पडद्यावर दोन तबकड्या फिरायला लागल्या. डावीकडे एक गाणं, उजवीकडे दुसरं, मधे एक सरकपट्टी, तिचं नाव क्रॉसफेडर. पट्टी इकडे तर हे गाणं, तिकडे तर ते. दहा मिनिटं मी स्वतःला कलावंत समजत होते.

मग लक्षात आलं, की दुसरं गाणं लोकांच्या कानावर पडण्याआधी माझ्या कानावर पडायला हवं. नाहीतर ते कुठून उचलायचं आणि ताल कुठे जुळवायचा हे कळणार कसं? म्हणून तर डीजे लोक मान वाकडी करून एकाच कानाला हेडफोन दाबून उभे असतात. एक कान हॉलमध्ये, दुसरा पुढच्या गाण्यात. याला क्यू करणं म्हणतात. समोरचं ऐकतोय असं दाखवत मनात पुढचं जुळवत राहायचं. हे मी लग्न झाल्यापासून करतेय, तेव्हा कौशल्याची काळजी नव्हती.

काळजी भोकाची होती. लॅपटॉपला हेडफोनचं भोक एकच. त्यात स्पीकरची वायर घातली तर मी बहिरी. हेडफोन घातला तर हॉल बहिरा. भाचा म्हणाला, "स्प्लिटर आण." आणला. एक पिन आत, दोन भोकं बाहेर. दोन्ही भोकांतून एकच आवाज आला आणि मी जे चाचपडत शोधत होते ते सगळ्या घराने ऐकलं. डावा आवाज एका फाट्याला आणि उजवा दुसऱ्या फाट्याला देणारी वेगळी वायर लागते म्हणे. मी आणलेली नुसतेच फाटे फोडणारी होती. आणि ती खरी वायर मिळाली असती तरी लोकांच्या वाट्याला स्टिरिओचा मोनोच आला असता.

"त्यापेक्षा माझा जुना कंट्रोलर घेऊन जा," भाचा म्हणाला. घरी आणून जोडला तर काय देखणं प्रकरण! दोन चाकं, डझनभर नॉब, मधे खराखुरा क्रॉसफेडर, बटणाबटणात दिवे. प्ले दाबलं. गाणं सुरू झालं, लॅपटॉपच्या स्वतःच्या चिमुकल्या स्पीकरमधून. मी कंट्रोलरची पाठ बघितली. गुळगुळीत. एकही भोक नाही.

"अगं मावशी, यातून आवाज जातच नाही. हा नुसता रिमोट आहे."

म्हणजे असं, की या यंत्रातून लॅपटॉपला फक्त आकडे जातात. त्या भाषेला मिडी म्हणतात. ती १९८३ पासून चालत आलीय आणि बहुतेक नॉबांच्या वाट्याला तिच्यात ० ते १२७ एवढेच आकडे येतात. आपण आवाज निम्म्यावर आणला असं मला वाटतं, तेव्हा मी लॅपटॉपला फक्त 'चौसष्ट' असं कळवलेलं असतं. पुढचं सगळं तो बघतो. बऱ्याच नव्या कंट्रोलरांच्या पोटातच साउंड कार्ड, म्हणजे आवाज आत-बाहेर नेणारं यंत्र, असतं, या म्हाताऱ्याच्या नव्हतं. ते वेगळं लागणार होतं. तेही भाच्याकडेच निघालं: चार वाटा बाहेर, पहिल्या दोन लोकांच्या, पुढच्या दोन माझ्या कानाच्या. एका भोकाचं दुःख मिटलं.

लगेच दुसऱ्या भोकांचं सुरू झालं. कंट्रोलरला एक यूएसबी, साउंड कार्डाला एक यूएसबी, शिवाय चार्जर. लॅपटॉपला जागा दोन, त्याही चपट्या-बारक्या नव्या घाटाच्या. वायरींची तोंडं जुनी आणि रुंद. मधे हब घेतला, एका भोकाची चार भोकं करणारा. हबवर दोघांनाही बसवल्यावर कंट्रोलरचे दिवे मंदावले, डोळे मिचकावले आणि तो बेशुद्ध पडला. पुन्हा शुद्धीवर आला, पुन्हा पडला. यूएसबी २ च्या एका भोकातून मिळणार ५०० मिलीअँपिअर, आणि त्यात आता दोन तोंडं जेवायला. हबला स्वतःचा वीजपुरवठा हवा. तोही आला. हेडफोनची पिन साउंड कार्डात गेली नाही, कारण तिथलं भोक जाडं, पाव इंची. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका ज्या पिना खुपसून लोकांचे कॉल जोडायच्या, त्यांच्याच घराण्यातली ही पिन. त्या बायकांबद्दल माझ्या मनात एकदम आदर दाटून आला. त्यांच्याकडे निदान सगळी भोकं एका मापाची होती.

हे सगळं जुळल्यावर मी चाक फिरवलं आणि गाणं जरा विचार करून हललं. मधे काहीतरी अडत होतं. सेटिंगमध्ये बफर नावाचा आकडा असतो. लॅपटॉप आवाजाचे तुकडे एवढे जमले की एकदम पुढे ढकलतो. सेकंदाला ४४,१०० तुकडे असतात. बफर १०२४ ठेवला तर २३ मिलिसेकंद तिथेच खर्च. मी ६४ केला. आता गाणं माझ्या बोटाबरोबर धावायला लागलं, पण वाळक्या पाचोळ्यातून. करकर, चरचर, मधेच गुपचूप. लॅपटॉपला एवढ्या लगबगीने तुकडे पुरवता येईनात. २५६ वर तडजोड झाली. घरातल्या इतर तडजोडी इतक्या झटपट होत नाहीत.

एवढ्यात नवऱ्याने आपला ब्लूटूथ हेडफोन पुढे केला. "वायरीच नकोत ना तुला? हा घे." हेतू चांगला होता. पण ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला सहज दीडदोनशे मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात एका ठोक्यापासून दुसरा ५०० मिलिसेकंदांवर. म्हणजे हॉलमध्ये ठोका पडून गेल्यावर, जवळजवळ पुढचा अर्ध्या वाटेवर आला असताना, माझ्या कानात हे वरातीमागून घोडं. हेडफोन परत केला. तो जरा खट्टू झाला आणि मदतीला म्हणून माळ्यावर चढला. तिथून जे उतरलं त्यात आमचे पुढचे दोन दिवस गेले.

त्याचा कॉलेजातला रेकॉर्ड प्लेअर. आणि योगायोग असा, की साउंड कार्डाच्या खोक्यात भाच्याची एक काळी तबकडी होती. ही टाइमकोडची तबकडी. तिच्यावर गाणं नसतं, पत्ता असतो. सगळ्या खोबणीभर एकसुरी शिट्टी कोरलेली असते आणि तिच्यात 'आत्ता सुई इथे आहे' ही खूण दडवलेली. लॅपटॉप ती शिट्टी ऐकतो आणि आपल्या पोटातलं गाणं त्या हिशेबाने पुढेमागे करतो. तबकडीला हात लावला की लॅपटॉपमधलं गाणं थांबतं. हे ऐकल्यावर आम्हा दोघांच्याही अंगात आलं.

सुई टेकवली आणि घरभर हजार हर्ट्झची शिट्टी घुमली. सॉफ्टवेअरमध्ये 'थ्रू' असा एक पर्याय असतो, आत येईल ते जसंच्या तसं बाहेर सोडायचा. तो चालू राहिला होता. मांजर कपाटावर गेलं ते जेवायलाच उतरलं.

थ्रू बंद केलं. आता पडद्यावर एक गोल वर्तुळ दिसायला हवं होतं. दिसत होती नुसती रेघ. वर्तुळ होतं डाव्या-उजव्या दोन्ही आवाजांचं मिळून. एक मेला की त्याची रेघ होते. नवऱ्याने मागे जाऊन लाल-पांढऱ्या पिना काढल्या, शर्टाला पुसल्या, घट्ट बसवल्या. वर्तुळ आलं! गरगरीत! मी गाणं लावलं.

गायक शब्द उच्चारण्याऐवजी गिळत होता. ओळच्या ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे आत ओढली जात होती, आणि तबल्याचा प्रत्येक ठोका आधी फुगून मग पटकन मिटत होता. मी दचकून तबकडी बघितली. ती शहाण्यासारखी सरळच फिरत होती. आम्ही दोघं वाकून त्या उलट्या गाण्याकडे बघत राहिलो. शेवटी भाच्याला फोन. तो पाच मिनिटं नुसता हसला. मग म्हणाला, "लाल उजवी, पांढरी डावी. काकांनी अदलाबदल केलीय." त्या शिट्टीच्या दोन बाजू एकमेकींपेक्षा जराशा पुढेमागे असतात. कुठली पुढे, त्यावरून लॅपटॉप दिशा ओळखतो. पिना उलट्या, तर दिशा उलटी. नवरा म्हणाला, "मागे अंधार होता."

पिना सरळ झाल्या तरी प्लेअर आमचाच होता. मोटरपासून तबकडीपर्यंत रबरी पट्टा. तबकडी बोटाने धरून सोडली, की पट्टा आळस देत उठायचा आणि गाणं 'हूंऽऽऊंऽऽ' करत वेगावर यायचं. डीजे लोक टेक्निक्सच्या एसएल-१२०० वर जीव टाकतात ते याचसाठी: १९७२ सालापासून त्यात पट्टाच नाही, तबकडी थेट मोटरवर, सोडली की लगेच धावते. रेकॉर्ड प्लेअर सन्मानाने माळ्यावर परत गेला.

तो गेल्यावर शांतता झाली आणि त्या शांततेत 'गूंऽऽ' ऐकू आलं. स्पीकर घुमत होते. प्लेअर होता तोवर आम्हाला वाटत होतं, त्याची अर्थची बारीक वायर सुटलीय. आता प्लेअरच नव्हता. लॅपटॉपचा चार्जर उपटला, गूं बंद. लावला, गूं चालू. ही घरातल्या विजेची गुणगुण, कुठल्या देशात ५० हर्ट्झची, कुठे ६०. चार्जर एका सॉकेटमध्ये, स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दोघांची अर्थिंग भिंतीतून वेगवेगळ्या वाटेने येते आणि ऑडिओच्या वायरीतून एकमेकींना गाठते. नवरा पक्कड घेऊन आला. "चार्जरची अर्थची पिनच काढून टाकू." मी पक्कड काढून घेतली. ती पिन आवाजासाठी नसते, माणसासाठी असते. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणली, बरीचशी गूं गेली. उरली ती ग्राउंड लूप आयसोलेटर नावाच्या डबीने संपवली.

मेळाव्याच्या दिवशी दोन तास आधी हॉलवर गेले. वाय-फाय बंद, अपडेट बंद, झोप बंद (लॅपटॉपची, माझी आठवडाभर बंदच होती). सिस्टिमचे टिंगटाँग आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरकडे वळवून गप्प केले, नाहीतर नाच रंगात असताना सगळ्या हॉलला कळलं असतं की माझी बॅटरी उतरलीय. आवाजाचे दिवे हिरव्यात ठेवले. डिजिटलमध्ये लाल म्हणजे वरचा आवाज सरळ छाटला जातो, नंतर काही केलं तरी तो परत येत नाही.

पहिलं गाणं. मुली उठल्या. डावा कान हॉलमध्ये, उजव्या कानात दुसरं गाणं. ठोक्यावर ठोका बसवला, चाकाला बोटाने हलकीशी ढकलणी दिली आणि पट्टी हळूहळू सरकवली. फट नाही. तिसरं, चौथं, सहावं. एकही बसली नाही. मला कोणी मान वळवून बघितलंही नाही.

आठव्या गाण्याला आमची वर्गप्रमुख धापा टाकत टेबलापाशी आली. कंबरेवर हात, घाम कपाळावरून गालावर.

"अगं, केवढं लांबलचक गाणं लावलंयस! संपतच नाहीये. पाय मोडले सगळ्यांचे. जरा मधे थांबत जा की, बसायला मिळत नाही. आणि हे घे, या माझ्या फोनवर एक गाणं आहे, पुढचं हे लाव."

साउंड कार्डात आवाज आत घ्यायची एक वाट रिकामी होती. वायरही होती, तीच फाटे फोडणारी. मी फोन हातात घेऊन वरून, खालून, दोन्ही कडांनी फिरवून पाहिला.

त्याला भोकच नव्हतं.