फी भरण्याआधी मुक्कामांच्या उंचीचा तक्ता मागा

दिवाळी झाली की सोलापुरात हिमालयाचे बेत शिजायला लागतात. पार्क मैदानावर पहाटे फेऱ्या मारणारे वाढतात, बूट येतात, जाकिटं येतात, ग्रुपवर उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचे फोटो फिरतात. हाच ट्रेक का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सहा दिवसांच्या रजेत बसतो ओ." माझा आक्षेप या उत्तराला आहे. रजेच्या मापाने ट्रेक बेतला की पहिली कात्री विश्रांतीच्या दिवसावर चालते, आणि उंचीवर शरीराचं खरं काम त्याच दिवशी चाललेलं असतं.

सोलापूरकरांच्या पायांवर माझा पूर्ण भरवसा आहे. कोजागिरीला इथून तुळजापूरपर्यंत, म्हणजे पंचेचाळीसेक किलोमीटर, लोक चालत जातात, कित्येक जण अनवाणी. पण सोलापूर समुद्रसपाटीपासून ४६० मीटरच्या आसपास आहे. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे महाराष्ट्रात कितीही गड पालथे घातले तरी विरळ हवेत आपलं शरीर कसं वागेल हे कळायला मार्गच नाही. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला असेल तर ते पायांचं सर्टिफिकेट झालं.

वर हवेतला ऑक्सिजन कमी होतो म्हणतात, पण त्याचं प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपासच राहतं. कमी होतो तो हवेचा दाब. ३,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाएवढा उरतो, ५,५०० मीटरवर निम्मा. त्यामुळे प्रत्येक श्वासात आत जाणारा ऑक्सिजन तेवढ्याच मापाने घटतो. शरीर आधी श्वास वाढवतं. त्याने रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल बिघडतो, तो मूत्रपिंडं सावरतात, आणि या सावरण्याला काही दिवस लागतात. वर गेल्यावर लघवी वाढते ती याचमुळे, आणि ते चांगलं लक्षण आहे. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. यातलं काहीही जिममध्ये घडत नाही. उलट दमदार माणूस पटापट चढून लवकर वर पोहोचतो आणि डोकं धरून बसतो.

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या पुढे एका रात्रीच्या मुक्कामापासून पुढच्या रात्रीचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र. दिवसभरात किती वर जाऊन आलात याला फारसं महत्त्व नाही, झोपलात कुठे ते बघायचं. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या रुळलेल्या वाटेचा हिशोब बघा: लुक्ला २,८६०, फाकडिंग २,६१०, नामचे ३,४४०. ही उडी मोठी, म्हणून नामचेला दोन रात्री. पुढे तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, तिथे पुन्हा दोन रात्री. मग लोबुचे ४,९४० आणि गोरक्षेप ५,१६४. या दोन जादा रात्री कापून "दहा दिवसांत बेस कॅम्प" विकणारा माणूस तुमची सुरक्षाच स्वस्तात विकतोय.

म्हणून फी भरण्याआधी आयोजकाकडे एकच कागद मागायचा: कुठल्या रात्री किती मीटरवर झोपणार. शिखराची उंची ब्रोशरवर ठळक असतेच, मुक्कामांची क्वचितच. तक्ता द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. सोबत विचारा की गाइड पल्स ऑक्सिमीटर बाळगतो का, ऑक्सिजन सिलिंडर कुठपर्यंत सोबत असतो, आणि मध्येच कोणी आजारी पडलं तर त्याला खाली घेऊन जाणारा वेगळा माणूस आहे का. शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गडबडतात.

यात्रेकरूंनाही हे तितकंच लागू आहे. गौरीकुंड २,००० मीटरच्या जरा आत, केदारनाथ ३,५८३. एका दिवसात दीड हजार मीटरहून जास्त, आणि रात्री वरच मुक्काम! आपल्याकडून साठी ओलांडलेले आई-वडील हेच करतात. लेहला विमानाने उतरणाऱ्यांचं तसंच: दिल्लीहून तासा-दीड तासात थेट ३,५०० मीटर. तिथे पहिले ४८ तास फक्त हॉटेल आणि आसपासची गल्ली. खारदुंग-लाची उंच खिंड कुठे पळून जात नाही.

त्रास ओळखायचा कसा? डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं, असं असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत तो सुरू होतो, म्हणजे संध्याकाळी ठणठणीत असलेला माणूस रात्री आजारी पडतो. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, आणि डोकेदुखी थांबेपर्यंत वर जाऊ नका. दोन गोष्टींना मात्र थांबायला वेळ नसतो. बसल्या जागी धाप आणि खोकला म्हणजे फुफ्फुसांत पाणी. खोकल्यातून गुलाबी फेस येईपर्यंत वाट बघायची नाही. आणि बरळणं किंवा तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज. याची तपासणी कोणालाही जमते: जमिनीवर सरळ रेघ मारा, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत दहा-बारा पावलं चालायला सांगा. दारू न पिता माणूस झुलला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याला धरून खाली न्यायचं. सिलिंडर आणि औषधं वेळ मिळवून देतात, उतरण्याला पर्याय होत नाहीत.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास टाळायच्या गोळीबद्दल: आधीपासून घ्यायची तर नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे गोळी २५० ची मिळते, म्हणजे अर्धी अर्धी. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाची ॲलर्जी, किडनीचा आजार, गर्भारपण यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि खरं तर बाकीच्यांनीही विचारूनच घ्या. कापराची पुरचुंडी हुंगल्याने नाकाला गार वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. कोका-३० या होमिओपॅथीच्या औषधाचंही तसंच, भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. दहा लिटरचा ऑक्सिजन कॅन मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. रात्रीचा पेग आणि झोपेची गोळी दोन्ही श्वास मंदावतात, म्हणून दोन्ही बंद.

आता सराव. सपाट गावात चढ नाही ही तक्रार मला पटत नाही, जिने आहेत ना. अपार्टमेंटचा एक मजला तीन मीटर धरा. सहा मजले सतरा वेळा चढले की ३०० मीटर झाले. दहा-बारा आठवडे आधी सुरू करा, आठवड्यातून तीनदा, पहाटे, कारण आठनंतर ऊन चढतं. महिन्याभराने पाठीवर पाच लिटर पाण्याच्या बाटल्या घ्या. वर पोहोचलं की पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घाला आणि रिकाम्या पाठीने जिन्याने उतरा, लिफ्टने नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात भार पेलतात. गुडघे बोलतात ते चढाईत नाही, शेवटच्या दिवशीच्या उतारावर. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, दीड-दोन महिने वापरा आणि नखं कापून जा, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडून जातं. कपाटात चार-पाच वर्षं पडलेला बूट नवा दिसला तरी त्याचा सोल भर बर्फात सुटू शकतो.

चालण्याची पद्धतही जिन्यावरच घोटता येते. वरचं पाऊल टेकवा, भार मागच्या पायावर ठेवा, मागचा गुडघा सरळ ताठ करा, क्षणभर थांबा, मग भार पुढे न्या. त्या क्षणात शरीर हाडावर उभं असतं आणि मांडीला सुट्टी मिळते. वेग इतकाच ठेवा की पूर्ण वाक्य न तोडता बोलता येईल. पाठीमागच्या पोराने ओव्हरटेक केलं तर करू द्या.

आणि मन. यावर "जिद्द हवी" एवढंच बोललं जातं, ते मला धोक्याचं वाटतं. जिद्द भरपूर असते, म्हणूनच लोक डोकेदुखी लपवतात. फी भरलेली, घरी सांगून आलेले, ग्रुपमधला एकही थांबलेला नाही, मग आपणच कसं बोलायचं? त्यात कमी ऑक्सिजनवर पहिला घसरतो तो निर्णय. शांत माणूस विनाकारण चिडायला लागला तर सोबत्याने ते लक्षण म्हणून नोंदवावं. यावर उपाय सोलापुरातच करायचा: कुठल्या स्थितीत परत फिरायचं हे आधी लिहून ठेवा, जोड्या लावा आणि दर जोडीने सकाळ-संध्याकाळ एकमेकांना विचारायचं: जेवलास का, झोपलास का, डोकं दुखतंय का.

झोप तर मोडणारच. डोळा लागला की श्वास काही सेकंद थांबतो आणि धाप लागून जाग येते. घाबरायला होतं, पण वर हे बहुतेकांचं होतं, आणि हे आधी माहीत असेल तर निम्मी भीती तिथेच संपते. रात्री तंबूबाहेर जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणं, विशेषतः बायकांचं, फार नडतं. दिवसाला तीन-चार लिटर लागतंच. शिखराच्या दिवशी रात्री दोन-तीनला निघतात, कारण तेव्हा बर्फ कडक असतो आणि दुपारी हवामान फिरतं. बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं. टॉर्चचे सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

खाण्यात आपण नशीबवान आहोत. वर भूक मरते, डाळ नीट शिजत नाही, कारण ४,००० मीटरच्या वर पाणी ८६-८७ अंशांच्या आसपासच उकळतं. अशा जेवणावर चमचाभर शेंगा चटणी पडली की दोन घास जास्त जातात. शेंगा पोळी आठवडाभर टिकते आणि थंडीत चॉकलेटसारखी दगड होत नाही. कडक भाकरी मात्र घरीच ठेवा, कोरड्या घशाला ती उतरत नाही.

शेवटचं तिकिटाचं. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली म्हणजे एक दिवसाहून जास्त, पुढे देहरादून, तिथून केदारकंठाच्या पायथ्याच्या सांक्रीला आणखी आख्खा दिवस गाडीत. अशा शिणलेल्या अंगाने दुसऱ्याच सकाळी चढायला लागू नका, सांक्रीत एक रात्र जास्त काढा. परतीचं रिझर्व्हेशनही ट्रेक संपल्यानंतर दोन दिवस सोडून काढा. गाडी चुकेल या धास्तीने बर्फ पडताना खिंड ओलांडणारे ग्रुप असतात. हवामानाने साथ दिलीच, तर ते दोन दिवस देहरादूनला झोपा काढा.