पुस्तक वाचलेल्या बाईने सीरीज बघू नये

घरात एक जण पुस्तक वाचलेला आणि बाकीचे न वाचलेले असले की सीरीज बघणं ही करमणूक राहत नाही, शिक्षा होते. लोकांना वाटतं शिक्षा न वाचलेल्यांना होते, कारण वाचलेला मध्ये मध्ये बोलतो. साफ खोटं. कोण कधी मरणार, कोण कोणाला विकणार हे सगळं पोटात ठेवून तोंडाला कुलूप लावून बसायचं म्हणजे काय असतं ते एकदा करून बघा. मी गेम ऑफ थ्रोन्सचे पहिले पाच सीझन हे केलंय. पुढच्या तीन सीझनची गोष्ट निराळी आहे, ती सांगतेच.

ही सीरीज ज्यावर बेतलीये त्या जॉर्ज मार्टिन यांच्या पुस्तकमालिकेतलं पहिलं पुस्तक १९९६ चं आणि सीरीज सुरू झाली एप्रिल २०११ मध्ये. तोपर्यंत चार पुस्तकं आली होती आणि ती मी लोकलमध्ये दाराजवळ उभं राहून वाचून काढली होती, त्यातलं तिसरं तर इतकं जाड की डब्यातल्या बायका विचारायच्या, कसली परीक्षा देताय? त्यामुळे नवरा पेन ड्राइव्ह नाचवत आला आणि म्हणाला, ड्रॅगनवाली एक भारी सीरीज मिळालीये, बघू या का, तेव्हा मला वाटलं आपले दिवस आले. कसले येतायत! पहिल्याच भागात मी फक्त एवढंच म्हटलं की ही ड्रॅगनवाली डेनेरिस पुस्तकात तेरा वर्षांची आहे आणि तिचे डोळे जांभळे आहेत, तर हा म्हणे, तू गप्प बसणार आहेस की मी हेडफोन लावू?

तिसऱ्या प्रेक्षक म्हणजे आमच्या सासूबाई. त्या लसूण सोलायला म्हणून ताटली घेऊन हॉलमध्ये बसल्या आणि उठल्याच नाहीत. बरं, त्या सीरीजमध्ये कपड्यांची टंचाई किती ते सगळ्यांना माहितीये, पण आईंनी त्यावर तोडगा काढला होता, पडद्यावर कोणी शर्टाच्या गुंडीला हात घातला की त्या "दूध बघते" म्हणून आत जायच्या. बरोबर वेळेवर परत यायच्या. कसं कळायचं देव जाणे. आमच्याकडे त्या काळात दूध एकदाही उतू गेलं नाही.

आणि याच बाईंनी माझा सगळ्यात मोठा अपमान केला. नेड स्टार्क या सरदाराचा अनौरस म्हणून वाढवलेला मुलगा जॉन स्नो, त्याची आई कोण, हा त्या पुस्तकांमधला सगळ्यात मोठा प्रश्न, जगभरातले वाचक नव्वदच्या दशकापासून इंटरनेटवर ओळी ओळी काढून त्यावर भांडतायत. मार्टिनसाहेबांनी सीरीज करायला आलेल्या बेनिऑफ आणि वाइस या दोघांना पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांनी उत्तर बरोबर दिलं. आमच्या आईंनी पहिल्या दोन भागांत, अर्धा गड्डा सोलून व्हायच्या आत, मान वर न करता सांगितलं, "तो नेड काही बाहेरख्याली वाटत नाही गं. तळघरात त्याच्या बहिणीचा पुतळा होता ना, तिचं पोर असणार. बदनामी नको म्हणून आपलं म्हणून सांगतोय." मी गप्प. चेहरा दगडासारखा. आत नुसता जळफळाट. सीरीजने ते उघड केलं २०१६ मध्ये, तेव्हा आई म्हणाल्या, हे मी सांगितलंच होतं की.

तर रेड वेडिंग, म्हणजे लग्नात झालेली ती कत्तल. तिसऱ्या सीझनचा नववा भाग. पुस्तक वाचलेले लोक या भागाची वाट लग्नघरासारखी बघत होते, परदेशात तर लोकांनी मित्रांचे चेहरे टिपायला कॅमेरे लपवून ठेवले होते. मी एवढं काही केलं नाही, फक्त नवऱ्याला म्हटलं, आज आधी जेवून घे. त्याचा नेडचा थोरला मुलगा रॉब स्टार्क भयंकर लाडका. मी टीव्हीकडे बघतच नव्हते, याच्याकडे बघत होते. लग्नाच्या पंगती चालू आहेत, वाजंत्री चालू आहे, आणि एक माणूस जाऊन हॉलचं दार लावून घेतो. आईंची सुरी थांबली. "लग्नात दारं कोण लावतं गं?" याला अजून काहीच कळलेलं नाही, हा आपला रॉब आणि त्याच्या बायकोचं कौतुक बघतोय, मी मनात म्हणतेय आता बघ हं, आता बघ, आणि तेवढ्यात कोणीतरी पुढे झालं आणि त्या गरोदर बायकोच्या पोटात सुरा! मी किंचाळले. मीच! कारण पुस्तकात रॉबची बायको लग्नाला आलेलीच नसते हो, ती तिकडे रिव्हररनच्या किल्ल्यात सुखरूप असते, आणि ही तर ती बायकोच नाही, पुस्तकातली जेन वेगळी आणि ही तलिसा वेगळी. नवरा रडवेला होऊन विचारतोय, तुला माहीत होतं ना सगळं? मी म्हटलं, होतं रे, पण हे नव्हतं.

तेव्हापासून मला झोप लागेना. म्हणजे हे लोक आता काहीही करणार. आणि केलंच. सर बॅरिस्टन हा म्हातारा सरदार पुस्तकात ठणठणीत जिवंत, इथे गल्लीत मारला. नेडच्या मुलीचं, सान्साचं, त्या क्रूर रॅमझीशी लग्न लावलं, पुस्तकात ते तिच्या मैत्रिणीच्या नशिबी आहे. बुटक्या टिरियनचं पुस्तकात लढाईत जवळजवळ अख्खं नाक जातं, मी आपली वाट बघतेय, आता जाईल, आता जाईल, तर चेहऱ्यावर एक वण. देखणाच दिसायला लागला उलट. मी म्हटलं, नाक कुठे गेलं नाही याचं? नवरा म्हणे, तू असली माणसं आवडून वाचतेस?

पण खरं सांगायचं तर काही ठिकाणी सीरीजने पुस्तकाला मागे टाकलंय, हे मी घरात कबूल केलं नव्हतं, इथे करते. हॅरनहॉलच्या किल्ल्यात नेडची धाकटी मुलगी आर्या शत्रूच्या म्होरक्याला, टायविन लॅनिस्टरला, वाइन ओतून देते आणि दोघं एकमेकांना जोखत बसतात, ते पुस्तकात नाहीच, तिथे ती दुसऱ्याच सरदाराची चाकरी करते. हार्डहोम गावावरचा मृतांचा तो भयाण हल्लाही पुस्तकात फक्त पत्रातून कळतो. पुस्तक मात्र जेवणात कोणाला ऐकत नाही. जॉफ्री राजाच्या लग्नाचा भाग बघताना आईंना पडलेला प्रश्न एकच, "जेवायला काय होतं?" सीरीजवाल्यांनी दाखवला तो एक भलामोठा 'पाय' (pie, सारण भरलेला भाजलेला पदार्थ), कापला की त्यातून कबुतरं उडतात तो, पुढे नवरामुलगाच मेला. मी म्हटलं, आई, पुस्तकात सत्याहत्तर पदार्थ आहेत. सत्याहत्तर! आईंनी पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं. मग जेवढे आठवले तेवढे सांगितले, निम्म्यांना त्या "शी" म्हणाल्या, पण ऐकले सगळे.

आता लेखकाबद्दल. चौथं पुस्तक २००५ ला आलं, त्यात टिरियन नाही, जॉन जेमतेम, डेनेरिस नाही, आणि शेवटी टीप की उरलेल्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे. ते आलं जुलै २०११ मध्ये. बिल्डरसुद्धा पझेशनला एवढा उशीर करताना जरा लाजतो. सहावं अजून यायचंय.

आणि इथेच माझा घात झाला. जून २०१५, पाचवा सीझन संपला, जॉनला त्याच्याच माणसांनी भोसकलं, आणि पुस्तकंही नेमकी तिथेच संपलेली. नवरा माझ्याकडे वळला. "खरंच मेला का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. "सांग ना." अरे, खरंच माहीत नाही. त्याला पटेचना. इतकी वर्षं "माहितीये पण सांगणार नाही" करून मीच वाट लावून ठेवलेली. पाच सीझन गप्प बस गप्प बस, आणि आता बोल म्हणतायत तर माझ्याकडे बोलायला काही नाही!

त्यानंतर जे झालं ते तुम्हीही पाहिलंय. पहिल्या सीझनमध्ये राजाला उत्तरेला यायला महिना लागतो, सातव्या सीझनमध्ये ड्रॅगन आणि कावळे आपले रिक्षासारखे इकडून तिकडे. आठव्या सीझनचे सहाच भाग, आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला. डबे भरता भरता बघायचे. मृतांशी महायुद्ध तर इतक्या अंधारात की पडदे ओढले, ब्राइटनेस वाढवला, तरी आई विचारतायत, "त्यांच्याकडे लाइट गेलेत का?" पुढच्या भागात टेबलावर कॉफीचा कप. शेवटचा भाग २० मे २०१९ ला, आदल्या संध्याकाळी एक्झिट पोल, तेविसाला लोकसभेचा निकाल, आणि इकडे नेडचा पांगळा मुलगा ब्रॅन राजा. आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढे सगळे लढून मेले, आणि जो आधीपासून खुर्चीत बसून होता त्यालाच खुर्ची?"

हाउस ऑफ द ड्रॅगन, म्हणजे मार्टिनसाहेबांच्याच पुस्तकावरची आधीच्या काळातली सीरीज, तिच्या वेळी मी ठरवून गप्प होते. तर सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द मार्टिनसाहेबांनीच ब्लॉगवर तक्रार केली की पुस्तकातला एक छोटा मुलगा गाळला, त्याने पुढचं बरंच काही बिघडणार. पोस्ट थोड्याच वेळात गायब. कोणीतरी त्यांनाही हेडफोनची धमकी दिली असणार.

सध्या नवऱ्याने पहिलं पुस्तक वाचायला घेतलंय. मला झोपू देत नाही. "अगं, ही खरंच तेरा वर्षांची आहे!" "अगं, सिंहासन केवढं मोठं आहे, सीरीजमध्ये खुर्चीएवढं होतं!" काल रात्री दिवा लावून विचारतोय, सहावं येणार कधी? मी म्हटलं, तू आधी चौथ्यापर्यंत पोच, आणि दिवा घालव.