आठ किलोचा ट्रान्सफॉर्मर

काल बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून एक सायोनारा सेल आला. टोकियोत राहिलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. परत निघालेलं कुटुंब महिनाभर आधी घरातल्या एकेका वस्तूचा फोटो टाकत जातं. फ्रिज फुकट, पडदे फुकट, सायकल दोन हजार येन, आणि खाली तीन हात जोडलेले. फ्रिज फुकट असतो त्यात दिलदारी वगैरे काही नसते. इथे फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी टाकून द्यायचा तर रीसायकलिंगची फी आपणच भरायची असा कायदा आहे, म्हणून.

कालच्या सेलखाली एका नवीन मुलाने विचारलं, "स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आहे का कोणाकडे?" आणि मला आमचा आठवला. कपाटाच्या तळाशी, आठ किलोचा ठोकळा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि आपला मिक्सर २३०चा. आईने बॅगेत कोंबून दिलेला मिक्सर इथे लावला की तो फक्त गुणगुणतो. मग ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि आमच्या भागात तो दुकानातून कोणी आणत नाही. जाणारा येणाऱ्याला देऊन जातो. आमचा एका तेलुगू कुटुंबाने दिलेला. उलटा केला तर खाली चिकटपट्टीचे तुकडे, प्रत्येकावर एक नाव आणि महिना-वर्ष. आमच्याआधीचे सहा. एकावर २०११चा मार्च आहे. भूकंपाच्या त्या महिन्यात कोण घाईघाईने निघून गेलं असेल आणि जाताजाताही मार्कर शोधून नाव लिहायचं त्याला कसं सुचलं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार केलाय.

मी डोंबिवलीची. २०१८ मध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामावर इथे आले ती 'दोन वर्षांसाठी'. हे 'दोन वर्षांसाठी' प्रकरणच मला आज लिहायचंय.

आम्ही निशी-कासाईत राहतो, टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात. बराचसा भाग समुद्रात भर घालून केलेला, स्टेशन १९७९चं. इथे इतके भारतीय का, तर एक कारण मेट्रोची तोझाई लाइन. ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो, म्हणजे जिथे बँका आणि त्यांची आयटीची कामं, तिथे गाडी न बदलता जाता येतं. दुसरं कारण २००० सालचा तो वाय-टू-केचा, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तारखांचा गोंधळ. तेव्हा इंजिनिअर मोठ्या संख्येने आले आणि त्यांना कोणी घर देईना. कोलकात्याहून आलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी त्याआधी वीसेक वर्षं इथेच राहत होते. त्यांनी या मुलांच्या घरांसाठी आणि जेवणासाठी खटपट केली. आज आपण दुकानात जाऊन तूरडाळ आणि कढीपत्ता उचलतो त्याची सुरुवात तिथे आहे.

घर न मिळण्याची गोष्ट जुनी झाली असं कोणी समजू नये. जपानच्या कायदा मंत्रालयाची २०१७ची एक पाहणी आहे. घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्क्यांना 'परदेशी' म्हणून नकार मिळाला होता. आम्हालाही दोनदा मिळाला. एजंट फोनवर मालकाशी बोलत होता, 'गाइकोकुजिन' म्हणजे परदेशी हा शब्द आला, मग बराच वेळ 'हाइ, हाइ' म्हणजे हो, हो, आणि फोन ठेवून तो आमच्यासमोर कमरेत वाकला. इतक्या अदबीने आयुष्यात कोणी मला नाही म्हटलेलं नाही. शेवटी यूआरच्या सरकारी सोसायटीत जागा मिळाली. तिथे जामीन लागत नाही, एजंटाची दलाली नाही, आणि 'रेइकिन' म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाचे आभार म्हणून द्यायचे आणि कधीच परत न मिळणारे पैसेही नाहीत. म्हणून यूआरच्या बिल्डिंगमध्ये खालच्या पत्रपेट्यांवर कुलकर्णी, रेड्डी, तानाका अशी ओळ लागलेली दिसते.

तर, दोन वर्षं. गादी घेतली नाही, कारण दोन वर्षांसाठी कशाला? जमिनीवर अंथरायचं पातळ जपानी फुतोन, रोज पाठदुखी. जेवणाचं टेबल नाही, कार्टनवर चादर. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, शिकायची नाही, ऑफिसात भारतीय टीम आहे ना! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आणि दर दिवाळीला घरी फोनवर एकच वाक्य, "पुढच्या दिवाळीला परत." असं मी चार दिवाळ्या म्हटलं.

मला डोळ्यांदेखत शहाणं करणारा माणूस म्हणजे आमचे हे. इथे उलटं होतं. नोकरी माझी, व्हिसा माझा, नवरा डिपेंडंट. डिपेंडंटला परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. पुण्यात टीम सांभाळणारा माणूस इथे बेन्तोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात रात्रपाळीला भाताच्या डब्यात एकेक लाल उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, ठेवायला लागला. सासरी हे दीड वर्ष कळू दिलं नाही. (आता कळलंय. काही झालं नाही.) पण गंमत अशी की वर्षभरात त्याला जपानी यायला लागलं आणि मला 'सुमिमासेन'च्या, म्हणजे 'माफ करा'च्या, पुढे येईना. माझ्याभोवती ऑफिसचं इंग्रजी कुंपण होतं, त्याच्याभोवती काहीच नव्हतं. बेल्टवर शेजारी उभ्या राहणाऱ्या बायकांनी त्याला भाषा शिकवली, त्याच्या हातमोज्यांची घडी सुधारली, आणि आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मला घरी केलेलं लोणचं पाठवलं. तो कारखान्यात जाऊन टोकियोत राहत होता, मी टोकियोत नुसती प्रोजेक्टवर होते.

कचऱ्याबद्दल सगळेच लिहितात म्हणून टाळणार होते, पण आमची शेजारच्या आजींशी ओळखच कचऱ्यावरून झाली. जाळायचा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-कागद वेगळ्या दिवशी, सगळं सकाळी आठच्या आत. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल सोलून वेगळं. एका सकाळी आमची पिशवी उचललीच गेली नाही. वर स्टिकर, आजूबाजूला कावळे. आजी बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता पिशवी सोडली, आत बघितलं. श्रावणातल्या भज्यांचं तेल मी डब्यात भरून तसंच टाकलं होतं. त्या घरात गेल्या आणि एक छोटं पाकीट घेऊन आल्या. गरम तेलात ती पूड ढवळून गार होऊ द्यायचं, तेलाची घट्ट वडी होते, कढईतून खरवसासारखी निघते. ती मग जळणाऱ्या कचऱ्यात. हे सगळं त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. हसल्या वगैरे अजिबात नाहीत. मला त्या दिवशी अपमान वाटला होता. आज वाटतं, इतकी वर्षं लोक मला वाकून नाही म्हणत होते, रागावलं तेवढं याच बाईने.

१२ ऑक्टोबर २०१९ला हगिबिस वादळ आलं. त्याच वर्षी वॉर्डाने घरोघरी पुराचा नवीन नकाशा वाटला होता, आणि त्याच्या मुखपृष्ठावर आपल्याच वॉर्डाबद्दल छापलं होतं, "इथे थांबू नका." खरंच. एदोगावाचा ७० टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. आम्ही तो नकाशा न वाचताच कागदांच्या कचऱ्यात टाकलेला, दोन वर्षांसाठी कोण वाचणार! वादळाच्या दुपारी आजींनी दार वाजवलं. "बाथटब भरलात का?" पाणी गेलं तर संडासात ओतायला. नवऱ्याने भाषांतर केलं. मग त्यांनी बसून सांगितलं की १९४७ च्या कॅथलीन वादळात त्या सहा वर्षांच्या होत्या, वॉर्डाच्या उत्तर भागात राहायच्या, आणि घराच्या माळ्यावर बसून त्यांनी खाली पाणी चढताना पाहिलं होतं. रात्रभर वारा होता. आमच्याकडे काही झालं नाही. पण त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की नदी माझ्याही घराशेजारून वाहते.

आता ज्याच्यावरून वाद होतो ते. ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी लिहितं, "जपानी लोक शेवटपर्यंत आपल्याला आपलं म्हणत नाहीत." बरोबर आहे, बऱ्याच वेळा नाही म्हणत. ते ४० टक्के काय मी विसरलेले नाही. पण आपण त्यांना कुठे संधी देतो? पंधरा वर्षं राहिलेली माणसं मला माहीत आहेत ज्यांना शेजाऱ्याचं आडनाव वाचता येत नाही. आणि दुसरी तऱ्हा युट्यूबवाल्यांची. स्वच्छ रस्ते, वेळेवर गाड्या, जणू स्वर्ग. तोझाई लाइनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात कोविडच्या आधी १९९ टक्के गर्दी मोजली होती. डोंबिवलीच्या मुलीला गर्दीचं काय एवढं, पण डोंबिवलीच्या डब्यात निदान कोणी तरी कोणावर तरी ओरडतं. इथे दोनशे माणसं चिरडून उभी आणि घड्याळाची टिकटिक ऐकू येईल अशी शांतता. पहिले सहा महिने मला त्या शांततेत घाम फुटायचा.

परत जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आईवडील म्हातारे होतात, मुलांची शाळा पुढे सरकते, त्याला उत्तर नाही. माझा आक्षेप 'तात्पुरतं'ला आहे. तात्पुरतं राहणारा महाग राहतो. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पगारातून रहिवासी कर कापायला लागतात. तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो, म्हणून पहिल्या वर्षी दिसतच नाही. साधारण दहा टक्के. मी एचआरला चक्क मेल लिहिला होता की माझा पगार चुकलाय. सगळं लिहिलेलं होतं, आपण वाचत नाही. शिक्षण, पगार वगैरेंचे सरकारी पॉइंट भरत असतील तर पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, एक किंवा तीन वर्षांत मागता येते, ही गोष्ट मला चौथ्या वर्षी कळली, तीही नवऱ्याच्या कारखान्यातल्या एका नेपाळी मुलाकडून! याच वॉर्डातून योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये वॉर्ड-असेंब्लीवर निवडून आले, आपला मराठी माणूस. त्या प्रचाराच्या दिवसांत मी स्टेशनबाहेरून जाता-येता त्यांना बघायचे आणि मनात म्हणायचे, यांना काय, यांना इथेच राहायचंय.

चौथ्या दिवाळीनंतर गादी घेतली. मग टेबल. नवरा एव्हाना एका छोट्या जपानी कंपनीत लागला होता, आता त्याचा व्हिसा त्याचा. मावसबहीण न्यूजर्सीहून येताना अमेरिकेतल्या भारतीयांसाठी मिळतो तो ११० व्होल्टचा मिक्सर घेऊन आली. इथे थोडा दमाने फिरतो, पण ओल्या खोबऱ्याची चटणी करतो. ट्रान्सफॉर्मर कपाटात गेला तो कालपर्यंत.

आज संध्याकाळी तो मुलगा न्यायला आला. नांदेडचा, येऊन तीन आठवडे झालेत. ठोकळा उलटा करून त्याने सगळ्या पट्ट्या वाचल्या. मी मार्कर दिला नाही, त्यानेच मागून माझं नाव आणि महिना लिहून घेतला. "किती दिवस आहेस?" विचारलं. "दोन वर्षं, ताई."

मी काही बोलले नाही. आत जाऊन तेलाच्या पुडीचं एक पाकीट आणलं आणि त्याच्या पिशवीत टाकलं.

"हे काय?"

"तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नकोस. हे घाल."

"मी कुठे तळतो, ताई, मला अंडं येतं फक्त."

"श्रावणात पाऊस पडला की बघू," मी म्हटलं, आणि तो आठ किलो पोटाशी धरून लिफ्टकडे गेला.