गाडीचं गाव कोणतं?

निगडीला आमच्या घरी गेले दोन महिने एकच विषय चालू आहे. दादाला गाडी घ्यायची आहे. जुनी हॅचबॅक तेरा वर्षांची झाली, वहिनी तिच्यातून घाट चढायला तयार नाही. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. काका म्हणतात, "टाटा नाहीतर महिंद्रा. जाड पत्रा, आणि आपला पैसा आपल्या देशात." आत्याचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याचं म्हणणं, "देशी गाडी घेतलीस तर शनिवार-रविवार सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर जाईल. जपानी घे आणि दहा वर्षं बॉनेट उघडू नकोस." बाबा काहीच बोलत नाहीत, आणि ज्या माणसाची हयात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, गेली त्याचं गप्प बसणं आमच्या घरात सगळ्यात मोठं मत समजलं जातं. मग इथे अमेरिकेत रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, दादाचा मला फोन येतो. "तू गाड्यांच्या गावात राहतोस ना, मग तू सांग."

गाड्यांचं गाव हे खरंच. डेट्रॉईटपासून अर्ध्या-पाऊण तासावर नोवायला मी सतरा वर्षं राहतोय आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतोय. आमच्या ग्रुपवर जो वाद चाललाय तोच या गावाने चाळीस वर्षं घातलाय, आणि आपल्यापेक्षा फार कडवटपणे. कामगार युनियनच्या आवारात "विदेशी गाड्या इथे लावू नयेत, उचलून नेल्या जातील" अशा पाट्या असायच्या. १९८२ साली इथल्याच हायलँड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन नावाच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने जिवे मारलं. मारणारा क्रायस्लरमधला फोरमन आणि त्याचा सावत्र मुलगा. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जातायत हा राग होता. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकन होता. लग्न काही दिवसांवर आलेलं. दोघांनाही तुरुंगवास झाला नाही, तीन हजार डॉलर दंड आणि प्रोबेशनवर सुटले. गाडीच्या देशभक्तीची गोष्ट निघाली की मला हे आठवतं. दादाला मी हे सांगत नाही, सकाळी आठला कुणी असलं ऐकत नाही.

त्या रागाच्या पोटात एक खरी गोष्ट होती, ती मात्र सांगतो. त्या काळात डेट्रॉईटच्या गाड्या जपान्यांच्या तुलनेत खरोखर वाईट बनत होत्या. लोक होंडा-टोयोटाकडे देशद्रोह म्हणून वळले नव्हते. सकाळी गाडी चालू व्हावी एवढंच त्यांना हवं होतं. आणि घरच्या गिऱ्हाइकाला "आपलं म्हणून घ्या" असं सांगता येत होतं तोवर कंपन्यांना सुधारायची घाईही नव्हती.

या वादात मला सगळ्यात आवडणारा किस्सा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी, भांडणं, वाईट माल, सगळ्यासाठी बदनाम. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तो पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, युनियन तीच. बदललं ते एवढंच की दोष दिसला तर साध्या कामगारालाही दोरी ओढून लाइन थांबवता येऊ लागली. पूर्वी दोष तसाच पुढे सरकायचा आणि शेवटी कुणीतरी ठोकून-ठाकून बसवायचं. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून जपानच्या तोडीच्या गाड्या निघू लागल्या. पुढे तर एकाच लाइनवरून एकच गाडी दोन नावांनी बाहेर पडायची, टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्सची जिओ प्रिझम. सेकंडहँड बाजारात प्रिझमला पैसे कमी मिळायचे. खऱ्या शहाण्यांनी प्रिझम घेतली असणार. (तो कारखाना आता टेस्लाकडे आहे.)

हे वाचून कुणी हसण्याआधी आपल्या घरचं सांगतो. मारुतीची बलेनो २०१९ पासून टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लान्झा नावाने मिळते. इंजिन तेच, पत्रा तोच. आत्याचा मुलगा बलेनोला पत्र्याचा डबा म्हणतो आणि ग्लान्झाला "टोयोटा आहे, प्रश्नच नाही" म्हणतो. त्याआधीचं उदाहरण तर आमच्या पुण्याजवळचंच. फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन रांजणगावला बनायचं, मारुतीसाठी मानेसरलाही बनायचं. स्विफ्टमध्ये त्याचं नाव डीडीआयएस, इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट, फियाटमध्ये मल्टीजेट. इटलीत जन्मलेलं, महाराष्ट्रात आणि हरियाणात ओतलेलं, जपानी, देशी आणि इटालियन अशा तिन्ही बॉनेटखाली बसलेलं. तरी "स्विफ्टचं इंजिन म्हणजे लोणी आणि टाटाचं म्हणजे ट्रॅक्टर" असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मी स्वतः ऐकली आहेत. फरक होताच, पण तो ट्यूनिंगचा, आवाज दाबण्याचा, जुळणीतल्या सफाईचा. इंजिनाच्या जातीचा नव्हे.

तीन वर्षांपूर्वी बाबा इथे आले होते. नोवायच्या गणपतीला शाळेचा हॉल घेतात, त्याच्या पार्किंगमध्ये त्यांनी एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाले, "अरे, इथली निम्मी माणसं अमेरिकन कंपन्यांच्या जिवावर जेवतात आणि सगळ्यांच्या गाड्या जपानी?" बघितलं तर जवळजवळ तसंच होतं. ओडिसी, सिएना, कॅमरी, सीआरव्ही. मोदकांचे डबे उतरत होते ते सगळे जपानी डिकीतून. आमच्यातले बरेच जण तर फोर्ड, जनरल मोटर्सच्या ऑफिसात डिझाइनला बसतात आणि त्यांना तिथे सवलतीत गाडी मिळते.

मग मी त्यांना एक खेळ दाखवला. इथे चॅसी नंबर समोरच्या काचेच्या कोपऱ्यात, बाहेरून वाचता येईल असा असतो. पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको, इंग्रजी जे अक्षर म्हणजे जपान. माझ्या कॅमरीचा नंबर ४ ने सुरू होतो, कारण ती केंटकीतल्या जॉर्जटाऊनची. होंडा तर १९८२ पासून ओहायोत गाड्या बनवतेय. शेजारी फोर्डचा मॅव्हरिक ट्रक उभा होता, अगदी अमेरिकन दिसणारा. त्याचा नंबर ३ ने सुरू. आणि टोकाला एक जुनी फोर्ड इकोस्पोर्ट होती, तिचा नंबर एमए ने. एमए म्हणजे भारत. अमेरिकेत २०१८ पासून काही वर्षं विकली गेलेली इकोस्पोर्ट चेन्नईहून जहाजाने यायची. म्हणजे ती जुनी पाटी आज लावली, तर केंटकीच्या कामगाराने बनवलेली कॅमरी उचलून नेतील आणि चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरहून आलेली फोर्ड सन्मानाने आत घेतील. बाबांना हे एवढं आवडलं की ते वाकून वाकून सगळ्या काचा वाचू लागले. अखेर एका बाईंनी विचारलं, काका, काही हरवलंय का?

वाचून झाल्यावर त्यांनी त्यांचं नेहमीचं केलं. दार आणि बॉडी यांच्या फटीत नख घालून वरपासून खालपर्यंत फिरवलं. फट सगळीकडे सारखी आहे का, रबराची शिवण कुठे उचललीय का. "कुठल्या देशाची ते नंतर, आधी लाइनवरचा माणूस घाईत होता का ते बघ."

दादा म्हणेल, एवढं सगळं खरं, पण सरासरी तर जपानी गाड्यांचीच चांगली ना? आहे. टोयोटा आणि लेक्सस इथल्या भरवशाच्या याद्यांत आजही वरच असतात, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं आहे. पण नाव म्हणजे जुना फोटो असतो. टोयोटाच्या पिकअपच्या चॅसीला मिठाने गंज लागतो म्हणून दावा झाला आणि २०१६ मध्ये तो ३.४ अब्ज डॉलरपर्यंतच्या तडजोडीने मिटला. (इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. खुद्द डेट्रॉईट शहराखाली मिठाची खाण आहे, हे मला इथे येऊन सहा वर्षांनी कळलं.) २०२४ मध्ये टोयोटाच्याच टुंड्रा पिकअपची एक लाखाच्या आसपास वाहनं परत बोलवावी लागली, इंजिनात कारखान्यातला धातूचा कीस राहिला म्हणून. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण तर त्याहून भयंकर, १२४ मृत्यू मान्य झाले.

हे सगळं मला माहीत आहे, कारण इथे त्याचा हिशेब उघड्यावर मांडला जातो. माझ्या आधीच्या गाडीचं, तिचं नाव घेत नाही, रिकॉलचं पत्र एक दिवस टपालात आलं. फुकट दुरुस्ती झाली, विषय संपला. आपल्याकडे रिकॉल म्हणजे बोभाटा, कंपनीची अब्रू गेली. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहकांची संस्था जाहिरात न घेता आपल्या सभासदांना दरवर्षी विचारते, गाडीचं काय काय बिघडलं. जे. डी. पॉवर ही सर्वेक्षण कंपनी तीन वर्षं वापरलेल्या शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, तो आकडा छापते. माझं मत असं की डेट्रॉईटला ताळ्यावर आणलं ते या आकड्यांनी. पाट्यांनी नाही.

आणि आपल्याकडेही एकदा असं घडलंय, काकांच्या लक्षात नाही इतकंच. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच गाड्या आपटून पाहिल्या: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१०, पोलो. एक जपानी घरची, एक देशी, एक अमेरिकन, एक कोरियन, एक जर्मन. पाचही देशांना शून्य तारे. एकाही देशाला आपली इभ्रत वाचवता आली नाही, कारण स्वस्त मॉडेलमध्ये एअरबॅग न देण्यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग जवळजवळ पाच वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, टाटाची नेक्सॉन पाच तारे घेऊन आली, भारतात बनून भारतातच विकली जाणारी पहिली. काकांचा "जाड पत्रा" हा त्या आकड्याचा मुलगा आहे. अभिमान नंतर आला.

घोटाळा असा की ते तारे काका भरवशाचे समजतात. तारे सांगतात धडक झाली तर आतला माणूस किती वाचेल. पावसात स्क्रीन काळी पडेल का, दुसऱ्या वर्षी सस्पेन्शन खडखडेल का, पार्ट यायला तीन आठवडे लागतील का, यातलं काहीही तारे सांगत नाहीत. आणि तो हिशेब सध्या कुणाचा मेहुणा, कुणाचा ऑफिसमधला मित्र यांच्या तोंडून चालतो. सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला दिला, नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तक्रारी मॉडेलवार, वर्षवार मोजून लोकांसमोर टाकल्या तर आमच्या ग्रुपवरची निम्मी भांडणं उद्या बंद होतील. उरलेली निम्मी रंगावरून होतील, ती होऊ देत.

विदेशी कंपनीबद्दल काकांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. शेवरले २०१७ मध्ये दुकान आवरून गेली, फोर्डने २०२१ मध्ये गाशा गुंडाळला. गाडी चांगली होती की नाही हा प्रश्नच उरला नाही, रिसेल रातोरात पडली. इथे बसून ते कळत नाही. इथे कंपनी बुडाली तरी पुष्कळदा दुसरी तिचं नाव विकत घेते, क्रायस्लरला तर जर्मन, मग इटालियन असे मालक भेटले आणि आता ती नेदरलँड्समधल्या मुख्यालयाखाली आहे, तरी लोक तिला "डोमेस्टिक"च म्हणतात.

दादाला मी देशाचं नाव घेऊन उत्तर दिलं नाही म्हणून तो वैतागला. तेच मॉडेल, तोच गिअरबॉक्स घेऊन किमान दोन पावसाळे काढलेली माणसं निगडी-प्राधिकरणात शोध, म्हटलं, आणि नवीन मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नकोस. "एवढंच?" म्हणाला. "त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं होतं?"

परवा त्याने टेस्ट ड्राइव्हचा फोटो पाठवला. शोरूमच्या बाहेर ऊन आहे, मागचं दार उघडं आहे, सेल्समन हात बांधून उभा आहे. बाबा खाली वाकून दाराच्या फटीत नख फिरवतायत. गाडी कुठली ते फोटोत येत नाही.